आधी कारण, मग कोड

चि. सायली,


खराडीच्या ऑफिसात तुला अमेरिकेतल्या व्हीलचेअरचे क्लेम दिलेत, असं ताईने फोनवर सांगितलं. मी नोकरी केली ती याच कामात, म्हणून मुद्दाम लिहिते. टार्गेट कसं गाठायचं ते तुझे टीम लीडर शिकवतीलच. मला सांगायचंय ते वेगळं आहे.

कोड पाठ करायच्या मागे लागू नकोस. ज्या वस्तूचा तो कोड, ती काय काम करते, ते आधी समजून घे. ई०९७१ आणि ई०९७४ हे दोन कोड बघ. पहिला अँटी-टिपरचा. खुर्चीच्या मागे, खाली बसवलेली ही छोटी चाकं. खुर्ची मागे कलंडू लागली की ती जमिनीला टेकतात आणि माणूस उताणा पडत नाही. दुसरा अँटी-रोलबॅकचा. स्वतःच्या हातांनी खुर्ची चालवणारी बाई रॅम्प चढताना चाकाला एक रेटा देते, मग पुढच्या रेट्यासाठी रिमवरचे हात उचलते. नेमकी त्याच वेळी खुर्ची मागे येऊ लागते. ते मागे येणं हा अँटी-रोलबॅक अडवतो. म्हणून मेडिकेअरची, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्य विम्याची, अट अशी, की रुग्ण खुर्ची स्वतः चालवणारा हवा आणि रॅम्पमुळे त्याला या वस्तूची गरज हवी. वस्तू डोळ्यांसमोर आली की नियम आपोआप लक्षात राहतो.

कमरेच्या पट्ट्याचंही तसंच. ई०९७८ साठी नोंदीत ‘सुरक्षिततेसाठी’ एवढंच लिहून भागत नाही. वरच्या अंगाचे स्नायू दुबळे आहेत, अंग सावरत नाही किंवा स्पॅस्टिसिटी, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा, आहे, आणि त्यामुळे नीट बसण्यासाठी पट्टा लागतो, हे त्यात दिसलं पाहिजे. ते थेरपिस्टच्या नोंदीत शोध. सापडलं नाही तर क्वेरी पाठव, पण क्वेरीत उत्तर सुचवू नकोस. रुग्णाला तपासलंय त्यांनी, आपण नाही.

मोटरवर चालणाऱ्या खुर्चीच्या बाबतीत जास्त सांभाळ. तिचा लॅप बेल्ट आणि अँटी-टिपर मूळ खुर्चीच्या रकमेतच धरलेले असतात. त्यांची वेगळी ओळ टाकली तर ते अनबंडलिंग होतं. खांद्याच्या हार्नेसचा ई०९६० मात्र वेगळा लावता येतो. साध्या खुर्चीच्या अँटी-टिपरचा कोड एका नगाचा आहे. दोन दिले असतील तर युनिट दोन, आणि ऑर्डरवरची संख्याही तीच हवी.

मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडायची अक्षरं, सवयीने लावायचे नसतात. केएक्स लावणं म्हणजे सगळ्या अटी पूर्ण झाल्यात आणि त्याचे कागद फाइलमध्ये आहेत, अशी ग्वाही देणं. मेडिकेअर पैसे नाकारेल असं वाटत असेल, तर रुग्णाला ते आधी लेखी कळवून त्याची सही घेतात. ती सही केलेली सूचना फाइलमध्ये असेल तरच जीए. ती नसताना जीए लावलास, तर नाकारलेलं बिल त्या माणसाच्या माथी बसेल. एरवीही वार्षिक डिडक्टिबल, म्हणजे रुग्णाने आधी स्वतः भरायची रक्कम, भागल्यावर मेडिकेअर मंजूर रकमेच्या ८० टक्के देतं. उरलेले २० टक्के रुग्णाने किंवा त्याच्या दुसऱ्या विम्याने भरायचे. आपण पुण्यात बसून टाकलेली एक जादा ओळ तिकडे कुणाच्या तरी पेन्शनमधून वसूल होऊ शकते.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. क्लेम नाकारला गेला की ‘रक्कम किरकोळ आहे, सोडून द्या’ असं कुणीतरी म्हणतंच. तू सोडू नकोस. निर्णय हातात पडल्यापासून १२० दिवसांत पहिलं अपील करता येतं. कारण नोंदीत असेल आणि ते पान जोडायचं राहून गेलं असेल, तर ते जोड आणि अपील कर. पट्ट्याची किंमत कमी, म्हणून त्याची गरज कमी होत नाही. आणि हक्काचे पैसे वारंवार बुडाले, तर पुरवठादार अशा वस्तू द्यायला कां कू करू लागतो.

तेव्हा फाइल उघडलीस की तीन प्रश्न विचारत जा. हा माणूस खुर्चीत कसा बसतो? खुर्ची कोण चालवतं? पडण्याचा धोका नेमका कुठे आहे? नोंदीत उत्तर असेल तर बेधडक कोड लाव आणि त्यासाठी भांड. उत्तर नसेल तर कितीही घाई असली तरी विचारल्याशिवाय क्लेम पुढे पाठवू नकोस.

तुझी,
मीनामावशी