‘दार’ या शब्दाची व्याप्ती

१८ मार्च २००५ रोजी न्यूयॉर्क येथे अमिना वदूद यांनी स्त्रीपुरुषांच्या एकत्रित जमातीपुढे शुक्रवारच्या नमाजाची इमामत केली. त्यावरील वादात धर्मनिष्ठा विरुद्ध आधुनिकता असे द्वंद्व कल्पिले गेले. वस्तुतः हा प्रश्न संहितेच्या वाचनाचा आहे.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात उम्म वरका या स्त्रीचा वृत्तांत येतो. आपल्या ‘दार’मधील लोकांची इमामत करण्यास पैगंबरांनी तिला सांगितले व तिच्यासाठी मुअज्जिन नेमला, तो वृद्ध पुरुष होता, असे कथनकर्ता सांगतो. अरबी ‘दार’ म्हणजे घर. पण वस्ती असाही त्याचा अर्थ होतो. पहिला अर्थ घेतल्यास हा घरगुती अपवाद ठरतो, दुसरा घेतल्यास सार्वजनिक दाखला.

उपासनेत आधाराविना नवे काही आणू नये, हे परंपरेचे तत्त्व गंभीरपणेच घ्यावयास हवे. परंतु येथे वाद आहे तो आधाराच्या ग्राह्यतेचा आणि व्याप्तीचा. अबू सौर व तबरी यांनी स्त्रीची इमामत पुरुषांसाठीही ग्राह्य मानल्याचे इब्न रुश्द (मृत्यू ११९८) नोंदवितो. बहुसंख्य फकीहांनी ती नाकारली.

संहिता दोन अर्थांना वाव देते तेव्हा निवड वाचकाची असते आणि तिचे नैतिक उत्तरदायित्वही त्याचेच. ‘संहितेचीच आज्ञा’ असे म्हणून ते टाळता येत नाही. हे बंधन वदूद यांच्या समर्थकांवरही आहे. मात्र एक विषमता उरतेच: संकुचित अर्थाची किंमत ज्या स्त्रियांनी मोजली, त्यांना तो अर्थ ठरविताना क्वचितच विचारले गेले.