परसातला पसारा

हदगाव तालुक्यातल्या तामसा गावी बारालिंग देवस्थानात जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, भाजी-भाकरीची पंगत बसते. आसपासच्या गावांमधल्या घराघरांतून भाकरी येतात. ज्याच्याकडे जी भाजी असेल ती तो आणतो आणि सगळ्या भाज्या एकत्र शिजतात. त्यात कोणाचे वांगे किती आणि कोणाचा वाल किती, हे कढई उतरल्यावर कोणालाच सांगता येत नाही. हजारो माणसे जमिनीवर बसून ती भाजी खातात. तिची ठरलेली पाककृती लिहून ठेवता येणार नाही. त्या वर्षी शिवारात आणि परसात काय पिकले, यावर तिची चव ठरते.

या पंगतीमागची वृत्ती समजून घ्यायची तर पैनगंगेच्या या काठावरच्या गावांत घरामागे डोकवावे. शिवारात कापूस, सोयाबीन आणि हळद सरळ ओळीत उभी असते. घरामागे मात्र ओळ नावाची गोष्ट नाही. न्हाणीचे पाणी जिथून वाहते तिथे अळू आणि एखादी केळ. उकिरड्याच्या कडेने आपोआप उगवलेला लाल भोपळा, त्याचा वेल गोठ्याच्या पत्र्यावर चढलेला. काट्यांच्या कुंपणावर वाल आणि दोडका. कोपऱ्यात शेवगा, त्याच्या विरळ सावलीत कढीपत्ता, पलीकडे लिंबू. मध्ये मोकळी जागा राहिली तर अंबाडी, चुका, चार मिरच्या, गवती चहाचे बेट आणि संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी. पहिल्या पावसानंतर न पेरता घोळ आणि तांदुळजा येतात, तेही खुडून खाल्ले जातात.

पाहुण्याला हा पसारा वाटतो. घरच्या बाईला विचारले की त्याचा उलगडा होतो. कढीपत्ता नणंदेच्या घरून आलेला, वालाचे बी मैत्रिणीने चिंधीत बांधून दिलेले, शेवग्याची फांदी शेजाऱ्यांचे झाड वादळात मोडले तेव्हा आणून रोवलेली. लावताना जागा मोजली नव्हती, कारण रोप कधी येईल हे ठाऊकच नव्हते. आलेले रोप त्या दिवशी जिथे ओल होती तिथे लागले. अशी बाग एका माणसाच्या डोक्यातून निघतच नाही. ती येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मिळून घडवलेली असते आणि तिचा खरा आनंद इथेच आहे. आराखड्याने केलेली बाग सुंदर असू शकते, पण ती पहिल्या दिवशीच पूर्ण ठरलेली असते. परसात उद्या कोण काय घेऊन येईल याला जागा उरते.

या अव्यवस्थेला स्वतःचे शहाणपणही आहे. केरळातल्या घरांभोवतीच्या बागा आणि जावा बेटावरच्या ‘पेकारांगन’ या अंगणबागा अभ्यासकांनी बारकाईने पाहिल्या आहेत. उंच झाड, त्याखाली झुडूप, त्याखाली कंद आणि पालेभाजी, अशा थरांनी तिथे थोड्या जागेत पुष्कळ प्रकार नांदतात. एका भाजीवर कीड पडली तरी घर उपाशी राहत नाही. मराठवाड्यातले परस तितके घनदाट नसते, कारण इथे पाऊस तितका नाही. इथे मांडणी पाणी ठरवते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने प्यायचे पाणी आणावे लागले, हे या भागातले कोणी विसरलेले नाही. अशा मुलुखात बागेसाठी वेगळे पाणी मागणे जड जाते. म्हणून भांडी विसळलेले, तांदूळ धुतलेले, आंघोळीचे पाणी जिकडे वाहते तिकडे बाग सरकते. काळ्या मातीचीही एक अट आहे. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि पपईसारख्या झाडाचे मूळ सडते. म्हणून पपई उंचवट्यावर, बहुधा पडक्या भिंतीच्या ढिगावर दिसते. कागदावर आखणी न करता घेतलेले हे निर्णय आहेत, आणि ते बरोबर आहेत.

परस माणसांना एकत्र कसे आणते, हे पाहायचे तर त्यातल्या वेळा पाहाव्यात. लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढले की मिटते. त्याच वेळी मधमाशी आली तर फळ धरते. दोडक्याची पिवळी आणि दुधीची पांढरी फुले दिवस कलल्यावर उघडतात. त्यामुळे सकाळी भोपळ्याजवळ आणि संध्याकाळी दोडक्याजवळ कोणीतरी उभे असतेच, आणि कुंपणापलीकडून कोणीतरी बोलू लागते. मुद्दाम भेट ठरवावी लागत नाही.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. परसातले पीक हप्त्याने येत नाही, लोंढ्याने येते. शेवगा बहरला की एका घराला महिनाभर पुरून उरतील इतक्या शेंगा एका आठवड्यात लोंबतात. लिंबू तसेच, अंबाडीही तशीच. बाजारात न्यावे इतके ते नसते आणि घरात संपवावे इतके थोडेही नसते. मग वाटण्याखेरीज मार्ग नाही. शेंगांची जुडी शेजारी जाते आणि वाटी परत येताना तिच्यात मेथी असते. लातूर-धाराशिव भागात वेळ अमावस्येला, म्हणजे येळवसला, शेतात आप्तमित्रांना बोलावून भज्जी आणि आंबील वाढली जाते. ती वर्षातली एक मोठी मेजवानी. परसातली देवघेव तिच्याच रक्ताची आहे, फक्त ती रोज आणि गाजावाजा न होता चालते.

बियांचे गणितही या देवघेवीवर उभे आहे. वालाच्या फुलात बहुतांशी स्वपरागीभवन होते, म्हणून मैत्रिणीने दिलेल्या बियांपासून तिच्याच घरासारख्या शेंगा येतात. भोपळ्याचे तसे नाही. शेजारच्या वेलावरचे पराग मधमाशी आणते आणि पुढच्या वर्षी भलत्याच आकाराचे फळ लागते. ते पाहायला चार घरची माणसे येतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे कितीतरी गावठी वाण असेच घरच्या आवारात आणि शिवारात जपले. बायांकडून बायांकडे बी फिरवत त्यांनी बियाणे बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावठी बियांची अशी देवाणघेवाण हा शेतकऱ्याचा हक्क आहे, हे २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यानेही मान्य केले आहे. राखेत घोळून डब्यात ठेवलेल्या मूठभर बियांना त्या कायद्याचे पाठबळ आहे.

कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी देवाणघेवाणीचे हेच तत्त्व शास्त्राच्या पायावर नेले. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’त शेतकरी आणि गच्चीवर बाग करणारे शहरी लोक आपापले निष्कर्ष एकमेकांना कळवत. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरतात, ही त्यांची मांडणी अनेकांना ठाऊक आहे. तिच्यामागची अट कमी जणांच्या लक्षात राहते: एकटा माणूस हे शिकू शकत नाही. सूर्यप्रकाश, पान आणि मूळ यांचा हिशेब त्यांनी नेमकेपणाने मांडला, पण तो माणसांच्या जाळ्यातूनच घरोघरी पोचणार होता.

आज ‘उमेद’ अभियानातून बचत गटांच्या महिलांना पोषण परसबागेसाठी प्रोत्साहन मिळते, शाळांमध्येही पोषण आहारासाठी परसबागा होतात. हे काम स्वागतार्ह आहे. हिरवी भाजी ताटात रोज यावी, ही साधी गोष्ट या भागातल्या कित्येक घरांत अजून घडत नाही. मात्र मधोमध खतखड्डा, भोवती गोल वाफे, प्रत्येकावर पाटी, अशी एकच आकृती सगळीकडे उमटू लागली की बाग पाहणीच्या दिवसापुरती हिरवी राहण्याचा धोका असतो. वाफा आखता येतो; शेजारणीशी असलेले नाते आखून देता येत नाही, आणि उन्हाळ्यात एक घर गावाला गेले असताना त्या बागेला पाणी घालणारे तेच नाते असते.

परसाचे गोडवे गाताना तीन गोष्टी झाकून चालणार नाहीत. हे सगळे काम बहुतेक घरांत बाईच्या अंगावर पडते, आणि तेही शेतातली खुरपणी उरकल्यावर. पुरुषांनी आंब्याचे आळे करावे आणि रोजचे पाणी बायकांनी घालावे, ही वाटणी न्याय्य नाही. दुसरे, ज्यांच्या घरामागे हातभरही जागा नाही अशी भूमिहीनांची वस्ती जवळजवळ प्रत्येक गावात आहे. बियांची चिंधी त्या वस्तीपर्यंत पोचते का, तिथली भाजी इकडच्या चुलीवर चढते का, हे विचारले पाहिजे. कुंपणावरून वाटी सरकते खरी, पण अनेकदा ती आपल्याच आळीत फिरते. शाळेच्या आवारातली किंवा अंगणवाडीमागची सामाईक बाग इथे उपयोगी पडेल, कारण ती जागा कोणा एकाची नसते. फिरत्या रोपांना आणि हातांना तिथे मोकळीक हवी. तिसरे, साप-विंचवाची भीतीही खरी आहे. त्यासाठी घराच्या भिंतीलगत दोन हात जागा स्वच्छ ठेवावी आणि अंधारात विजेरी घेतल्याशिवाय शेंगा तोडायला जाऊ नये.

परसबागांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी गुणपत्रिकेत एक रकाना वाढवावा. वाफ्यांची रेखीवता आणि भाज्यांची संख्या मोजताना या बागेतले बी आणि रोप यंदा किती घरांत गेले, आणि बाहेरच्या किती घरांतून इथे आले, हेही विचारावे. त्यात आपल्या आळीबाहेरची घरे किती, हे वेगळे नोंदवावे आणि सर्वाधिक गुण त्यालाच द्यावेत.