मनाचा सांडवा

अकोले तालुक्यातलं भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं. पावसाळ्यात ते भरलं की सांडव्यातून पाणी प्रवरेत सोडतात. भिंतीवर भार येऊन कसं चालेल?

मनालाही सांडवा असतो. कर्जाची नोटीस मुकाट्याने घेणारा माणूस घरी येऊन बायकोवर ओरडतो. कारण सांगतो, कालवणात मीठ जास्त झालं. तो खोटं बोलत नसतो. त्याला ते खरंच तसं वाटतं. एकाचा राग दुसऱ्यावर काढणं, घडलेलं नाकारणं, यांना मानसशास्त्र संरक्षणयंत्रणा म्हणतं. ॲना फ्रॉइड यांनी १९३६ साली त्यांवर पुस्तक लिहिलं. त्याच्या आठशे वर्षं आधी इमाम गझालींनी ‘इह्या’त आत्मवंचनेवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं होतं, आणि फसलेल्यांत पहिला क्रमांक आलिमांना दिला होता!

बुखारी शरीफची सुरुवातच नीयतीच्या हदीसने होते. कर्माचं मोल नीयत ठरवते. पण नीयत ज्याची त्यालाच दिसत नसेल तर? मुलाच्या इंतकालनंतरही चार दिवस त्याचं ताट वाढणाऱ्या आईला कोण दोष देईल? तो नकार तिला जगवतो.

ओरडणाऱ्याला मात्र बायको विचारते, “अहो, मीठ रोजच्याएवढंच आहे. नोटीस आली का?” माझ्या मते त्याची सवलत इथं संपते. पुढचं ओरडणं त्याच्या हिशेबात. आपण मात्र तिलाच सांगतो, सब्र कर. सब्रमध्ये दुःख ओळखलेलं असतं; ते तिने केव्हाच ओळखलंय. धरणाचं पाणी सोडताना निदान नदीकाठच्या गावांना आधी इशारा देतात.