नातवासाठी न उरणारे पिंप

स्कॉटलंडच्या जुन्या घराण्यांची व्हिस्की वयावर विकली जाते. बारा वर्षांची, पंचवीस वर्षांची, कधी चाळीस वर्षांचीही. आजोबांनी भरलेले ओकचे पिंप नातवाने उघडावे हे तिथे सहज घडते, कारण तिथल्या थंड गोदामात वर्षाकाठी दोनेक टक्केच मद्य उडून जाते. बंगळूरच्या जगदाळे घराण्याला ती सोय नाही. तिथल्या उन्हात दर वर्षी दहा-बारा टक्के हवेत जातात. 2013 मध्ये त्यांच्या ‘अमृत’ने आठ वर्षे मुरवलेली ‘ग्रीडी एंजल्स’ काढली, तेव्हा पिंपांत भरलेल्यापैकी जेमतेम पाव हिस्सा हाती लागला होता.

जुनेपण हेच जिथे भांडवल, त्या धंद्यात माल राखून ठेवता न येणारा बाप मुलाला देतो तरी काय?

राधाकृष्ण जगदाळे यांनी 1948 मध्ये अमृत डिस्टिलरीज काढली. देशातल्या बहुतेक मद्यधंद्यासारखा याही धंद्याचा आधार होता मळी. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्यांना त्या काळ्या, चिकट पाकाचा उग्र दर्प वेगळा सांगायला नको. लष्करी कॅन्टीनला रम जायची. घर चालवायला एवढे पुरेसे होते. वडिलांनंतर सूत्रे हाती आलेल्या नीलकंठ जगदाळे यांनी मात्र ऐंशीच्या दशकात बार्लीपासून माल्ट गाळायला घेतले. आधी ते मिश्रणापुरतेच होते. मळीपेक्षा महाग धान्य, वर मुरवण्याची वर्षे, आणि त्या वर्षांत डोळ्यांदेखत होणारी घट. चालू धंदा हाताशी असताना असा खर्च अंगावर घेणे, हे या इतिहासातले सर्वांत धाडसी पाऊल आहे असे मी मानतो.

तिसऱ्या पिढीतले रक्षित इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला शिकत होते. तिथल्या भारतीय हॉटेलांत भारतीय सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतली निव्वळ माल्टची व्हिस्की) खपेल का, हे त्यांनी अभ्यासाच्या निमित्ताने तपासले. ऑगस्ट 2004 मध्ये ‘अमृत’ बाजारात आली तीही थेट ग्लासगोत, व्हिस्कीच्या माहेरी. सुरुवातीची वर्षे कठीण गेली. मग भारतीय बार्ली आणि पीटच्या धुरावर वाळवलेली स्कॉटिश बार्ली यांची ‘फ्यूजन’ आली, आणि 2010 च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये व्हिस्की-समीक्षक जिम मरे यांनी तिला जगात तिसरे स्थान दिले. बंगळूरच्या गिऱ्हाईकाला घरची सिंगल माल्ट मिळायलाही 2010 उजाडले, याची मला खंत वाटते.

या हवेत एरवी चार-पाच वर्षांतच पिंपाचा निकाल लावावा लागतो. ज्याने भरले त्यानेच चाखायचे, त्यानेच ठरवायचे. थांबण्यात स्वाद वाढतो आणि माल घटतो. कुठे थांबायचे हे आजोबांच्या वहीत सापडत नाही, दर उन्हाळ्यात ते नव्याने जोखावे लागते. नीलकंठराव 2019 मध्ये गेले. त्यांनी भरलेला बहुतेक माल एव्हाना संपलाही असणार. रक्षित यांच्या नावावर जे जमा होईल, ते त्यांनी स्वतः गाळलेले असेल.