मोजणाऱ्याचे ऋण

ज्ञान मिळविणे हे पुण्यकर्म आहे आणि संकटात सापडलेल्यास साहाय्य करणे हेही पुण्यकर्म आहे, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. अडचण उत्पन्न होते ती ही दोन्ही पुण्यकर्मे एकमेकांच्या वाटेत उभी राहतात तेव्हा. उद्या सहस्रावधी माणसांस उपयोगी पडेल असे ज्ञान हाती यावे म्हणून आज काही माणसांस साहाय्यावाचून राहू देणे, आणि त्यांचे काय होते हे वहीत टिपून ठेवणे, हे सदाचरणात बसते काय? प्रश्न ऐकताच सुशिक्षित मनुष्य झटकन ‘नाही’ असे उत्तर देतो. परंतु झटकन दिलेली उत्तरे पुष्कळदा विचाराचा आरंभ करून देण्याऐवजी त्याचा शेवटच करतात. म्हणून ह्या प्रश्नाकडे थोडे सावकाश पाहावे असे आम्ही योजिले आहे.

पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे मूळचे लहानसे गाव. सिडकोने नवी मुंबई वसविली, त्याच्या सभोवती खारघरचे उपनगर उभे राहिले, 2016 साली पनवेलची महानगरपालिका झाली आणि नोव्हेंबर 2023 पासून गावाच्या नावाचे मेट्रोचे स्थानकही झाले. ह्याच खारघरात टाटा स्मारक केंद्राची कर्करोगावरील संशोधनाची व उपचारांची मोठी संस्था आहे. लोक तिला ‘ॲक्ट्रेक’ ह्या आद्याक्षरी नावाने ओळखतात. तिच्याच आवारात रोगपरिस्थितीविज्ञानाचे, म्हणजे लोकसमूहात रोग कोठे, किती व का होतो आणि तो कसा आवरावा ह्या शास्त्राचे, एक केंद्र आहे. तेथे शिकणारे विद्यार्थी रोग्याच्या नाडीपेक्षा गावाच्या नाडीवर बोट ठेवण्यास शिकतात. रुग्णालयातील वैद्य आपल्याकडे आलेल्या रोग्याचा विचार करतो, तर ह्या शास्त्राचा अभ्यासक न आलेल्याचाही करतो. आमचा प्रश्न नेमका ह्या दुसऱ्या विचारातून निघतो.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा आपल्या देशातील स्त्रियांच्या मृत्यूचे एक मोठे कारण आहे. हा रोग एकाएकी होत नाही. एका विशिष्ट विषाणूचा संसर्ग दीर्घकाळ टिकून राहिला म्हणजे पेशींत हळूहळू बदल घडतात आणि त्यांचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात. म्हणजे येथे वैरी दाराशी येण्यापूर्वी पुष्कळ दिवस आधी वर्दी देतो; ती ऐकणारा मात्र कोणी असावा लागतो. श्रीमंत देशांनी पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करण्याची पद्धत गेल्या शतकाच्या मध्यापासून रूढ केली व तेथील मृत्यू पुष्कळ उतरले. परंतु त्या पद्धतीस प्रयोगशाळा लागते, शिकलेले तज्ज्ञ लागतात, आणि तपासलेल्या स्त्रीस पुनःपुन्हा बोलावणारी व्यवस्था लागते. आपल्या खेड्यांत व झोपडवस्त्यांत ह्यांपैकी एकही गोष्ट नव्हती. तेव्हा सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे साध्या शिरक्याचे द्रव्य, लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची एक सोपी रीत पुढे आली. दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्तीसही ती शिकविता येते. प्रश्न एवढाच राहिला की, तिने प्राण वाचतात काय?

हे ठरविण्यासाठी महाराष्ट्रात दोन मोठे प्रयोग झाले. पहिला टाटा रुग्णालयाने 1998 साली मुंबईच्या गरीब वस्त्यांत आरंभिला. वीस वस्त्यांतील सुमारे दीड लक्ष स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाची दर दोन वर्षांनी अशी चार वेळा तपासणी झाली आणि दुसऱ्यास आरंभी रोगाविषयी माहिती देऊन पुढे केवळ त्याची नोंद ठेवली. दुसरा प्रयोग त्याच सुमारास तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाच्या साहाय्याने झाला. त्यात 52 ग्रामसमूहांतील 1 लक्ष 31 हजार 746 स्त्रिया होत्या. तीन गटांत तीन निरनिराळ्या तपासण्या एकेकदा झाल्या; चौथ्या गटास तपासणी नव्हती, ती कोठे करून घेता येईल एवढे सांगितलेले होते.

फळ काय मिळाले? मुंबईत तपासणी झालेल्या गटात ह्या रोगाचे मृत्यू शेकडा 31 नी कमी झाले, असे 2013 साली जाहीर झाले. उस्मानाबादचा निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाला होता : विषाणूचीच तपासणी ज्यांची केली त्या 34,126 स्त्रियांत 34 मृत्यू, तर तपासणी न झालेल्या 31,488 स्त्रियांत 64. एक गोष्ट मात्र वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. त्याच उस्मानाबादेत शिरक्याच्या द्रव्याची एकवारची तपासणी आणि सूक्ष्मदर्शकाची एकवारची तपासणी ह्या दोहोंनी मृत्यूंत खात्रीने सांगता येईल अशी घट झालेली आढळली नाही.

ह्या प्रयोगांवर कठोर आक्षेप घेण्यात आला. एका अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने 2014 साली भारतातीलच एका वैद्यकीय नीतिविषयक नियतकालिकात लिहिले की, मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतील दिंडीगुल ह्या तीन प्रयोगांत मिळून 1 लक्ष 38 हजारांवर स्त्रिया तपासणीवाचून ठेवल्या गेल्या, त्यांपैकी कित्येक मेल्या, आणि जी गोष्ट जगास आधीच ठाऊक होती ती पुन्हा सिद्ध करण्यासाठी हे झाले. पुढे त्याने असेही म्हटले की, त्या स्त्रियांस आपणांपुढे दुसरा कोणता मार्ग खुला आहे हे पुरेसे समजावून दिलेले नव्हते. प्रयोगकर्त्यांचे उत्तर असे होते की, सूक्ष्मदर्शकाची पद्धत ह्या प्रदेशांत राबविणे शक्यच नव्हते. येथील नेहमीची व्यवस्था म्हणजे कोणतीच तपासणी नसणे ही होती. तेव्हा आम्ही कोणाजवळून काहीही काढून घेतले नाही.

दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे. पण दोहोंत एकेक पोकळ जागाही आहे. आक्षेपकाचे म्हणणे असे की, उत्तर आधीच ठाऊक होते. ते तसे नव्हते, हे उस्मानाबादच्या आकड्यांवरूनच दिसते. श्रीमंत देशांत फलदायी ठरलेली रीत एकदाच वापरली असता येथे निश्चित फळ देताना दिसली नाही. तिच्यावर विसंबून सरकारने गावोगाव पैसा ओतला असता, तर स्त्रियांस खोटे अभय मात्र मिळाले असते. कोणी म्हणेल की, मग तीन तपासण्यांचीच आपसांत तुलना करावयाची होती. रिकामा गट कशास हवा? परंतु तीनही सारख्याच निरुपयोगी असत्या, तर रिकाम्या गटावाचून ते कळले कसे असते? तराजूच्या एका पारड्यात काहीच न ठेवता त्याचा काटा सरळ आहे की नाही हे पाहावेच लागते.

तथापि प्रयोगकर्त्यांच्या उत्तरातील ‘नेहमीची व्यवस्था’ हा शब्दप्रयोग आम्हांस अधिक अस्वस्थ करतो. जेथे व्यवस्थाच नाही तेथे तिच्या अभावास व्यवस्था म्हणावयाचे, आणि तो अभाव चालू ठेवला म्हणून आम्ही काही हिरावले नाही असे म्हणावयाचे, ह्या तर्कात दोष नाही. पण त्यात नीती थोडी आहे. भुकेल्याच्या दारावरून शंभर माणसे गेली आणि कोणी थांबले नाही, ही त्या गल्लीची ‘नेहमीची व्यवस्था’ झाली. एकशेएकावा तेथे थांबला, त्याने भुकेल्याचे नाव विचारले, वय विचारले, किती दिवस उपाशी हे लिहून घेतले आणि तोही निघून गेला, तर त्याची बरोबरी पहिल्या शंभरांशी करता येईल काय? आमच्या मते नाही. एका अर्थी तो त्यांच्याहून बरा, कारण त्याने पाहिले तरी. परंतु पाहिल्यामुळेच त्याच्यावर असे ऋण चढले, की जे न पाहणाऱ्यांवर अद्याप चढलेले नाही. नाव लिहून घेणे हा एक प्रकारचा शेजार आहे. ज्याचे नाव आपल्या वहीत आहे तो आपणांस परका उरत नाही.

हे ऋण फेडण्याची पहिली अट म्हणजे खरे सांगणे. ह्या बाबतीत आपल्या प्रांताचा इतिहास बोधप्रद आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला. हाफकिन ह्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत लस सिद्ध केली व 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा पुढे आलेल्या कैद्यांस ती टोचली. टोचलेल्यांची न टोचलेल्यांशी तुलना केली, आणि लसीचा गुण दिसून आला. कैद्याची संमती कितपत स्वतंत्र, ही शंका रास्त आहे. पण निदान विचारण्यात आले, आणि विचारणाऱ्याने सुई आधी आपल्या अंगास लावली होती. त्याच वर्षी पुण्यात त्याच रोगाचे निवारण घरांत शिरून, बळाने करण्यात आले. त्याचा शेवट 22 जून 1897 रोजी रँडवर गोळ्या झाडल्या जाण्यात कसा झाला, हे वाचकांस सांगणे नको. हेतू दोन्हीकडे रोगनिवारणाचाच होता; परंतु माणसास विचारणे आणि न विचारणे ह्यांतील अंतर हेतूने भरून निघत नाही. हा धडा सव्वाशे वर्षांनंतरही आपण पुरता शिकलेलो नाही. 2009 साली आंध्रातील खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींस ह्याच कर्करोगाच्या विषाणूविरुद्धची लस टोचली गेली, तेव्हा कित्येकींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनी सह्या केल्याचे पुढे उघड झाले.

दुसरी अट अशी की, मोजणे हे शक्य तेथवर साहाय्याच्या बरोबरीने चालावे. बार्शी, परांडा व भूम ह्या तालुक्यांत 1987 साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. नोंदीसाठी गावोगाव फिरणाऱ्यांनी स्त्रियांशी बोलावे, लक्षणे समजावून सांगावीत, अशी तेथे रीत ठेवली. परिणाम असा झाला की, स्त्रिया रोगाच्या आधीच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग ह्यांनी 39 गावांत नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा प्रयोग केला व 47 गावांशी त्याची तुलना केली. नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक उतरले, हे 1999 साली प्रसिद्ध झाले. आणि ते ज्ञान ग्रंथालयातच राहिले नाही. आज ‘आशा’ कार्यकर्ती नवजात बाळ पाहण्यास घरी येते त्या पद्धतीस ह्या प्रयोगाचा आधार आहे. 47 गावांचे ऋण जर कशाने फिटले असेल, तर ते ह्याने.

ह्यावरून तिसरी व सर्वांत कठीण अट निघते : मिळालेले ज्ञान ज्यांच्या खर्चाने मिळाले त्यांच्याकडे परत गेले पाहिजे. उत्तर सापडले त्या दिवशी प्रश्न विचारण्याचा अधिकार संपला. त्यानंतर एकही स्त्री ‘तुलनेसाठी’ तपासणीवाचून राहणे हे संशोधन नव्हे, ती उपेक्षा होय. आता येथे प्रयोगकर्त्यांकडे बोट दाखवून थांबणे सोयीचे आहे. परंतु आकडे आपणांस थांबू देत नाहीत. 2016 साली सरकारने तीस ते पासष्ट वयाच्या सर्व स्त्रियांची तपासणी व्हावी अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यानंतर 2019 ते 2021 ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली आहे, त्यांचे प्रमाण शेकडा दोनही नाही.

ह्या आकड्याचा अर्थ वाचकांनी शांतपणे मनात आणावा. मुंबई व उस्मानाबाद येथील रिकामे गट एका प्रश्नासाठी रिकामे होते, आणि तो प्रश्न सुटला. शेकडा अठ्ठ्याण्णव स्त्रिया मात्र कोणत्याही प्रश्नावाचून, कोणत्याही वहीवाचून त्याच गटात बसलेल्या आहेत. त्यांच्यावर कोणी प्रयोग करीत नाही, म्हणून त्यांच्याविषयी कोणी आक्षेपही लिहीत नाही. संशोधकाच्या वहीतील मृत्यूने आपली सदसद्विवेकबुद्धी जागी होते आणि वहीबाहेरील मृत्यूने होत नाही, ह्यात संशोधकाचा दोष थोडा व आपला अधिक आहे. मोजलेल्या उपेक्षेचा आपणांस संताप येतो; न मोजलेली उपेक्षा मात्र आपणांस हवापाण्यासारखी स्वाभाविक वाटते.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नास आमचे उत्तर असे आहे. ज्ञानासाठी काही काळ साहाय्य रोखणे क्षम्य ठरू शकते. पण केवळ तेव्हाच, जेव्हा उत्तर खरोखर अज्ञात असेल, ज्याचे आयुष्य पणास लागले आहे त्यास सर्व सांगून विचारले असेल, आणि उत्तर मिळताच ते त्याच्या दारी पोहोचविण्याची सिद्धता आधीपासून असेल. पहिल्या दोन अटी संशोधकाने पाळावयाच्या आहेत. तिसरी त्याच्या एकट्याच्या हातची नाही. ती पाळावयास सरकार हवे, नगरपालिका हवी, आणि सुखवस्तू कुटुंबेही हवीत. आमच्या बेलपाड्याच्या आसपासच्या उंच इमारतींतून रोज सकाळी धुणेभांडी करण्यास ज्या बाया येतात, त्यांपैकी पुष्कळ ह्याच वयाच्या आहेत. कर्करोगाचे इतके मोठे केंद्र काही किलोमीटरांवर असता त्यांपैकी कितीजणींस ही तपासणी ठाऊक आहे, हे विचारण्यास घरातील गृहिणीस फार तर पाच मिनिटे लागतील. आणि तपासणीसाठी अर्ध्या दिवसाची रजा पगार न कापता देण्यास त्याहून थोडे अधिक औदार्य लागेल. त्या 31,488 स्त्रियांचे देणे ह्याच मार्गाने थोडेफार फिटेल.