घाणेरीचं बी

घाणेरीला आमच्याकडं कुणी फूलझाड म्हणत नव्हतं. कुणी टणटणीही म्हणायचं. गायरानात, ओढ्याच्या कडंला, पडीक रानात ती आपसूक यायची. चौकोनी दांडीवर आकडीसारखे बारीक काटे, खरबरीत पान, चुरगाळलं की उग्र वास. उन्हाळ्यात ओल तुटली की पानं गाळून नुसती काटक्यांची मोळी होऊन उभी राहायची, आणि पावसात पुन्हा हिरवी. फूल मात्र देखणं. एकाच गुच्छात मधली फुलं पिवळी, कडेची जुनी झालेली नारंगी नाहीतर गुलाबी.

तीच घाणेरी आता नर्सरीतनं कुंडीत बसून येते. आमच्या सूनबाईनं गेल्या साली दोन रोपं आणून अंगणात लावली. फुलपाखरं येतात, हे खरं. संध्याकाळी मीही तिथंच खुर्ची टाकतो. पण तेव्हापासून मनात येतं, कुंपणाच्या आत लावलेल्या झाडाचं आपण कुठवर देणं लागतो?

ही मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शोभेसाठी इकडं आणली. म्हणजे तीही कुणाच्या तरी बागेतच लावलेली होती. तिची काळी पिकली फळं बुलबुल खातो आणि लांब कुठंतरी बी टाकतो. आज आमच्या गायरानात शिरायला वाट नाही. वरून कोयत्यानं छाटली तर दुप्पट फुटते. बुंध्याखालून कुदळीनं मुळासकट काढून उलटी टाकावी लागते.

जनावर सहसा तिला तोंड लावत नाही. पण १९७२ च्या दुष्काळात चाराच नव्हता. तेव्हा मी बारा वर्षांचा. शेजारच्या म्हातारीच्या गाईनं ती खाल्ली. डोळे पिवळे पडले, नाकपुडीची कातडी उन्हानं करपून सोलली. गाय सावलीतनं उठेना. चौथ्या दिवशी गेली. म्हातारीला जमीन नव्हती, ती गाय आणि गायरान एवढंच होतं.

माझ्या वावरातलं पाणी दुसऱ्याच्या पिकात घुसलं तर तो माझ्या दारात येतो, आणि ते रास्त आहे. बांध पेटवला आणि शेजाऱ्याची गंज जळली तरी तसंच. बियाचं तसं नाही. झाड माझं, पोट पाखराचं, रान सगळ्यांचं. भांडायला कुणी येतच नाही. मग दोष नाहीच, असं धरायचं का? मला ते पटत नाही. ज्याला अंगण आहे त्याला फुलं मिळतात आणि ज्याला गायरानावाचून काही नाही त्याच्या वाट्याला काटे.

दोन्ही रोपांना बी धरत नाही, असं नर्सरीवाला म्हणाला होता. जांभळ्या रोपाला वर्षभरात फळ दिसलं नाही. ते राहू दे. लाल-पिवळ्याला श्रावणात हिरवी फळं धरली. उपटू म्हणालो तर सूनबाई म्हणाली, "आबा, गायरानात एवढी हजार झुडपं. हे एक काढून काय होणार?"

तिचं चुकीचं नाही. पण ती हजार मी लावलेली नाहीत. शेवटी असं ठरलं की फूल सुकलं की फळ धरायच्या आत गुच्छ कात्रीनं खुडायचे. रविवारचं हे काम नातीकडं. ती ते हौसेनं करते, काटे लागतात तरी. परीक्षेमुळं मागचे दोन रविवार चुकले. तारेवर बुलबुलांची एक जोडी येऊन बसायला लागलीय. मी कुदळ पडवीत काढून ठेवलीय.