धीर देतो की धीर मागतो?



ब्लड कॅन्सर हा शब्द आपल्यापैकी अनेकांना डॉक्टरांच्या आधी सिनेमाने शिकविला. १९७१ सालचा 'आनंद' आठवा. लिंफचा कर्करोग झालेला तो नायक मरण समोर दिसत असताना साऱ्यांना हसवीत राहतो. १९७८ साली आलेल्या 'अंखियों के झरोखों से' मधली लिली फर्नांडिस तर आपल्याच समाजातली मुलगी. तिला ल्युकेमिया होतो, आणि सगळे थिएटर रुमाल काढते. दोघेही तीन तासांत जातात. आजारी माणसाने कसे वागावे याचा आपल्या मनातला नमुना बराचसा तिथूनच आला आहे, असे आम्हाला वाटते.

आता एक नवे संतही आपल्यासमोर आहेत. संत कार्लो अक्युतिस १२ ऑक्टोबर २००६ रोजी इटलीत वयाच्या १५ व्या वर्षी ल्युकेमियाने वारले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांना संतपद जाहीर झाले. त्यांनी आपले दुःख प्रभूला अर्पण केले आणि तक्रार केली नाही, असे त्यांचे जवळचे सांगतात. त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे. पण एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रोग कळल्यापासून मरणापर्यंत त्यांना मोजकेच दिवस मिळाले. आपल्या चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसणारा माणूस कदाचित आठ-दहा वर्षे हा आजार घेऊन जगत असेल. काही दिवसांचे माप दहा वर्षांना लावायचे का?

कारण आजार बदलला आहे. एके काळी पुण्याच्या रुग्णाला पहाटे उठून, गाडी पकडून परळचे टाटा हॉस्पिटल गाठावे लागे. तिथेच १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी एका नऊ वर्षांच्या मुलीवर देशातले पहिले बोन मॅरो प्रत्यारोपण केले. (लहानपणी पोलिओ झाल्यामुळे हे डॉक्टर स्वतः चाकाच्या खुर्चीतून वावरतात. धीर म्हणजे काय ते त्यांना कोणी शिकवायला नको.) आता ही शस्त्रक्रियेविना होणारी पण अवघड प्रक्रिया पुण्यातही होते. २००१ साली इमॅटिनिब ही गोळी आली आणि रक्ताच्या कर्करोगातला एक प्रकार, सीएमएल, बहुतेकांच्या बाबतीत मधुमेहासारखा रोज गोळी घेऊन सांभाळण्याचा आजार झाला. मूळ कंपनीची ही गोळी महिन्याला लाखाच्या घरात जाई. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचे पेटंट नाकारले आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. साऱ्यांचेच असे होत नाही. मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर लोकांना मनसोक्त हसविणाऱ्या रसिका जोशी जुलै २०११ मध्ये, चाळिशीही गाठण्याआधी, ल्युकेमियाने गेल्या. अशा वेळी 'झुंज अपयशी ठरली' असे लिहिण्याची वर्तमानपत्री पद्धत आम्हाला पटत नाही. जो गेला तो मनाने कमी पडला म्हणून गेला, असा त्याचा अर्थ निघतो. पेशी कोणाच्या मनोधैर्याला विचारून वाढत नाहीत.

तर जो जगतो, त्याचे काय? तो वरून चांगला दिसतो. केस परत आलेले असतात, तो कामावर जातो, रविवारी मिस्सेला येतो. दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी असते आणि रिपोर्ट येईपर्यंतच्या आठवड्यात त्याला झोप नसते. थकवा इतका असतो की जिना चढताना मध्येच थांबावे लागते. भेटणारा मात्र म्हणतो, "अरे वा, तब्येत मस्त दिसतेय! असेच खंबीर राहा." आपल्याला वाटते आपण धीर दिला. खरे तर आपण तो मागितलेला असतो. तू घाबरलास तर आम्हालाही घाबरावे लागेल, तेव्हा हसत राहा, असेच आपण त्याला सुचवितो. मग तो हसतो, घरी पत्नीपुढे हसतो, मुलांपुढे हसतो, आणि रात्री न्हाणीघराचा नळ सोडून रडतो.

याचीच दुसरी बाजू म्हणजे लपवालपवी. "बाबांना सांगू नका हं, त्यांना फक्त रक्त कमी आहे असे सांगितलेय." हेतू प्रेमाचा असतो हे आम्ही मान्य करतो. परंतु ज्याच्या देहात रोग आहे त्यालाच तो ठाऊक नसावा, हे प्रेम त्याचा हक्क हिरावून घेते. त्याला कोणाशी समेट करायचा असेल, कागदपत्रे नीट करायची असतील, नुसते मुलीजवळ बसून बोलायचे असेल. आणि बहुतेक वेळा त्याला कळलेलेच असते. तो घरच्यांसाठी न कळल्याचे सोंग करतो. फादरांना तैलाभ्यंगासाठी बोलावू देत नाहीत, कारण "ते घाबरतील". हा संस्कार फक्त मरणाऱ्यासाठी नाही, गंभीर आजारी असलेल्या कोणासाठीही आहे आणि पुन्हा घेता येतो. १९७२ पासूनच्या नव्या विधीत हे स्पष्ट आहे. मुलीच्या लग्नासाठी लपविणारेही आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की हा रोग संसर्गाने पसरत नाही आणि बहुतेक वेळा वंशपरंपरेनेही येत नाही.

घाबरणे म्हणजे विश्वास कमी असणे, असे काहींना वाटते. त्यांनी गेथशेमानेची रात्र आठवावी. प्रभू येशू तिथे हसत नव्हता. तो व्याकूळ झाला होता आणि ते त्याने पेत्र, याकोब व योहान यांच्यापासून लपविले नाही. हा प्याला टळावा अशी विनवणीही त्याने केली. मित्रांकडे त्याने उपदेश मागितला नाही. जवळ राहा आणि जागे राहा, एवढेच मागितले. ते झोपी गेले.

जागे राहणे म्हणजे काय, हे आजच्या काळात बरेच साधे आहे. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरल्या की साधा सर्दी-खोकलाही रुग्णाला महागात पडतो. म्हणून पंधरा जणांनी खोलीत दाटीने बसून रोझरी म्हणण्याऐवजी आधी फोन करून विचारावे. हार-फुले आणि कापलेली फळे नेऊ नयेत. एकाच माणसाने, सर्दी नसेल तर, मास्क लावून जावे. "कसे वाटतेय?" असे विचारून उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावे, आणि उत्तर "भीती वाटते" असे आले तर लगेच विषय बदलू नये. घरात रात्रंदिवस करणारी जी व्यक्ती असते, तिला दोन तास झोपू द्यावे. तिची चौकशी फारसे कोणी करीत नाही.

आणि प्लेटलेट्स. त्या रक्तपेढीत सुमारे पाचच दिवस टिकतात, म्हणून साठवून ठेवता येत नाहीत. यंत्रावर त्या द्यायला तास-दीड तास लागतो. मे महिन्यात व दिवाळीत, लोक गावी गेलेले असताना, रक्तदाते मिळणे फार कठीण होते. युवकांपैकी कोणी आपले नाव व रक्तगट जवळच्या रक्तपेढीत नोंदवून ठेवला, तर रात्री अकरा वाजता एखाद्या मुलाच्या वडिलांना वीस जणांना फोन करावे लागणार नाहीत.